फ्रिओकाठी दोन रात्री: गार्नर स्टेट पार्कचा खर्च नेमका किती?

टेक्सासच्या गार्नर स्टेट पार्कात तंबू ठोकायची जागा एका रात्रीला साधारण १५ ते ३० डॉलरला मिळते. सहा माणसांचं कुटुंब एवढ्या पैशांत नदीकाठी झोपू शकतं हे ऐकून अनेक जण लगेच बुकिंग करतात, आणि घरी परतल्यावर क्रेडिट कार्डाचं बिल पाहून गोंधळतात. जागेचं भाडं हा या सहलीच्या खर्चाचा छोटा भाग आहे. लक्षात न येणारे मोठे खर्च दोन: माणशी लागणारं रोजचं प्रवेश शुल्क आणि पहिल्या वेळी घ्यावं लागणारं सामान. हे दोन्ही आवाक्यात ठेवता येतात, पण त्याची तयारी निघायच्या आधी करावी लागते.

आधी जागेची थोडी ओळख. सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला सुमारे ९० मैलांवर, कॉनकन गावाजवळ फ्रिओ नदी चुनखडीच्या डोंगरांतून वाहते. पात्र दगडगोट्यांचं, पाणी नितळ आणि भर जुलैतही अंगावर शहारा आणणारं, दोन्ही काठांवर सायप्रसची उंच झाडं. १९३०च्या दशकातल्या मंदीत बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरने इथल्या दगडी केबिन आणि मुख्य इमारत बांधली. पार्क १९४१ मध्ये खुलं झालं. जवळच्या युवाल्डी गावचे जॉन नॅन्स गार्नर हे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचे उपाध्यक्ष होते, त्यांचं नाव या पार्काला दिलं आहे. सुमारे १,७७४ एकरांचा हा परिसर, त्यात जवळपास तीन मैल नदी. उन्हाळ्यात हे राज्यातल्या सर्वांत गजबजलेल्या पार्कांपैकी एक असतं, त्यामुळे खर्चाइतकाच प्रश्न जागा मिळण्याचाही आहे.

प्रवेश शुल्क: इथेच हिशेब चुकतो

गार्नरला १३ वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला दिवसाला ८ डॉलर लागतात. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत. रात्रीच्या जागेचे पैसे भरले म्हणजे प्रवेश आलाच, अशी आपली समजूत असते, कारण हॉटेलची सवय. टेक्सासच्या स्टेट पार्कात तसं नाही. मुक्काम करणाऱ्यालाही प्रत्येक रात्रीमागे माणशी प्रवेश शुल्क वेगळं द्यावं लागतं.

आता एक नेहमीचं मराठी कुटुंब घ्या. नवरा-बायको, भारतातून आलेले आई-बाबा, आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुलं. चार मोठी माणसं, दोन रात्री: ४ गुणिले ८ गुणिले २, म्हणजे ६४ डॉलर. जागेच्या भाड्यापेक्षा हे जास्त होऊ शकतात!

टेक्सास स्टेट पार्क्स पास वर्षाला ७० डॉलरला मिळतो. पासधारक गाडीत असला की त्याच गाडीतल्या सगळ्यांचं प्रवेश शुल्क माफ, आणि हे राज्यातल्या सर्व स्टेट पार्कांना लागू. म्हणजे वरच्या कुटुंबाने ६४ ऐवजी ७० भरले, की पुढचे बारा महिने एनचँटेड रॉक असो, पेडर्नालेस फॉल्स असो, कुठेही प्रवेशाला एक पैसा लागत नाही. पार्कातल्या दुकानात थोडी सूट आणि मुक्कामावर मर्यादित सवलतही असते. सवलतीच्या अटी बुकिंग करतानाच वाचून घ्या. मोठी माणसं दोनच असतील आणि वर्षात हीच एक सहल होणार असेल, तर पास घेऊ नका, ३२ डॉलरमध्ये काम होतं. आई-बाबा आलेल्या वर्षी मात्र पास घ्यावाच.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. दोन कुटुंबं दोन गाड्यांनी आली तर एका पासात दोन्ही गाड्या बसत नाहीत. दुसरी गोष्ट ज्येष्ठांची: ६५ आणि त्यापुढच्या वयाच्यांना प्रवेशात निम्मी सवलत आहे, पण ती टेक्सासच्या रहिवाशांनाच. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना ती मिळत नाही. खिडकीवर रांगेत उभं राहून हे कळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

जागा कुठली घ्यायची

सर्वांत स्वस्त जागा म्हणजे पाण्याचा नळ, टेबल आणि शेकोटीची जाळी असलेली साधी जागा. वीज असलेली जागा तिशीच्या घरात जाते. सांडपाण्याच्या जोडणीसह असलेल्या जागा मोटरहोमवाल्यांसाठी असतात, तंबूवाल्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत. स्क्रीन्ड शेल्टर पस्तीस-चाळीसच्या आसपास: छप्पर, फरशी, जाळीच्या भिंती, दिवा आणि प्लग, पण आत पलंग नाही. दगडी केबिन दीडशेच्या आसपास जाते. तारीख आणि वारानुसार यात फरक पडतो.

गुडघेदुखी असलेली आजी किंवा रात्री श्वासाचं मशिन लावून झोपणारे आजोबा सोबत असतील तर शेल्टर घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तंबूत जायला-यायला वाकावं लागतं, जमिनीवरून उठावं लागतं, आणि रात्री दोनदा बाथरूमला जायचं म्हणजे दोनदा चेन उघडून बाहेर पडायचं. शेल्टरमध्ये फोल्डिंग कॉट टाकता येते, पंखा लावता येतो, पाऊस आला तरी कुणाला हलावं लागत नाही. तंबूच्या जागेपेक्षा जास्त पडणाऱ्या दहा-पंधरा डॉलरमध्ये एवढी सोय दुसरीकडे मिळणार नाही. शिवाय तंबू विकत घ्यायचे पैसेही वाचतात, तो हिशेब पुढे आहेच.

बाथरूम आणि शॉवर सामायिक असतात. जागा निवडताना नकाशावर ते किती लांब आहेत हे पाहा. पार्काचे दोन भाग आहेत, जुनं गार्नर आणि नवं गार्नर. दुकान, नदीत तरंगायच्या ट्यूब भाड्याने मिळायची जागा आणि उन्हाळ्यातला रात्रीचा नाच हे सगळं जुन्या भागात, त्यामुळे गर्दी आणि आवाजही तिथेच. लहान मुलं लवकर झोपवायची असतील तर नवा भाग बघा. एका जागेवर जास्तीत जास्त आठ माणसं राहू शकतात. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, आणि सार्वजनिक जागी दारू पिण्यास टेक्सासच्या सर्वच स्टेट पार्कांत मनाई आहे.

बुकिंग पाच महिने आधीपासून करता येतं. जूनच्या एखाद्या शनिवारची जागा हवी असेल तर जानेवारीतच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मे महिन्यात विचार सुरू करणाऱ्याला उन्हाळ्यातला शनिवार मिळणं अवघड. मंगळवार-बुधवारी मात्र जागा निघतात, आणि लोक रद्दही करत असतात, तेव्हा वेबसाइट अधूनमधून उघडून पाहत राहा. नुसतं दिवसभर जायचं असेल तरी डे पास आधी काढा, तो ३० दिवस आधीपासून मिळतो. पार्क भरलं की दारावरून परत पाठवतात, आणि ह्यूस्टनहून पाच तास गाडी चालवून आलेल्याला त्यावेळी काहीही करता येत नाही.

सामान: पहिल्याच सहलीला सगळं विकत घेऊ नका

खिशाला खरी कात्री इथे लागते. दुकानात गेलं की कंदील, टेबल, छत्री, चटई, जाळीचा मंडप, सगळंच हवंसं वाटतं. गरजेचं सामान फार थोडं आहे.

तंबूवर ‘सहा जणांसाठी’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सहा माणसं खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर ठेवून. मोकळं झोपायचं असेल तर त्यात चार माणसं धरा. असा तंबू साधारण १०० ते १५० डॉलरला येतो. वरची पावसाची ताडपत्री खालपर्यंत येणारी हवी, नुसती टोपी बसवल्यासारखी नको, कारण या भागातला पाऊस आडवा लागतो. हवेची गादी २५ ते ४०. दोन शेगड्यांची गॅसची चूल ६० ते ९०. घडीच्या खुर्च्या दहा-पंधराला एक. स्लीपिंग बॅगा उन्हाळ्यात लागतच नाहीत, घरातल्या चादरी आणि एक पातळ रजई पुरते. नोव्हेंबरनंतर जाणार असाल तर गोष्ट वेगळी, रात्री चांगलाच गारठा पडतो.

सहा माणसांच्या कुटुंबाने हे सगळं नवं घेतलं तर चारशे-पाचशे डॉलर सहज जातात. त्याआधी तीन गोष्टी करून पाहा.

तुमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाका. ज्यांच्या गॅरेजमध्ये तंबू पडून आहेत अशी घरं प्रत्येक गावात आहेत, आणि लोक आनंदाने देतात. तंबू मागून आणला तर घरच्या अंगणात एकदा उभा करून बघा, दांड्या आणि खुंट्या मोजा, आणि परत देताना पूर्ण वाळवून द्या. ओला गुंडाळलेला तंबू चार दिवसांत बुरशी धरतो.

दुसरी गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे. राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाचा ‘टेक्सास आउटडोअर फॅमिली’ नावाचा उपक्रम आहे. कधीही कॅम्पिंग न केलेल्या कुटुंबांसाठी वेगवेगळ्या पार्कांत एका रात्रीची कार्यशाळा असते. तंबू, गाद्या, चूल, भांडी सगळं ते देतात, तंबू कसा ठोकायचा, चूल कशी पेटवायची हे रेंजर शिकवतात, तुम्ही फक्त अंथरूण-पांघरूण आणि जेवण न्यायचं. सहा जणांपर्यंतच्या कुटुंबाला साधारण ७५ डॉलर पडतात. आपल्याला हे झेपेल का, मुलांना आवडेल का, ही शंका असेल तर पाचशे डॉलरचं सामान घेण्याआधी ही ७५ डॉलरची रात्र काढा. सरकारी उपक्रमांची माहिती आपल्या लोकांपर्यंत उशिरा पोहोचते. या उपक्रमाची पोहोचायलाच हवी.

तिसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेला शेल्टर. त्यात तंबू लागत नाही.

खाणं-पिणं

दोन दिवसांच्या किराण्याला सहा माणसांना ८० ते १०० डॉलर धरा. सॅन अँटोनियो किंवा युवाल्डीला थांबून भरून घ्या, पार्काजवळ दुकानं कमी आणि महाग. मांसाहार न करणाऱ्यांची तर बाहेर फारच पंचाईत होते.

आपला स्वयंपाक कॅम्पिंगला उत्तम जमतो. छोटा कुकर सोबत घ्या. एका शेगडीवर खिचडी, दुसरीवर तूप-जिऱ्याची फोडणी देऊन कढी, अर्ध्या तासात सहा पानं. घरून भाजणी मळून नेली तर सकाळी थालीपिठं होतात, पोह्यांना तर तयारीच लागत नाही. छोटा हिरवा गॅसचा सिलिंडर दोन्ही शेगड्या मोठ्या ठेवल्या तर तासाभरात संपतो, तेव्हा दोन दिवसांना तीन लागतात. कुकरने गॅस वाचतो. सकाळच्या वाऱ्यात ज्योत आडवी पडते आणि चहाला उकळी येत नाही, म्हणून झाकणाचे बाजूचे पत्रे उभे करता येतात अशीच चूल घ्या.

बर्फाची पिशवी तीन-चार डॉलरची, रोज एक तरी लागतेच. लाकूड पार्कात गोळा करायला मनाई आहे, गाठोडं विकत घ्यावं लागतं. काउंटीने आगबंदी जाहीर केली असेल तर शेकोटी पूर्ण बंद असते, आणि कोरड्या उन्हाळ्यात हे वारंवार होतं. निघायच्या आदल्या दिवशी तपासा, नाहीतर लाकडाचे पैसे वाया जातात. गॅसची चूल सहसा चालते.

रॅकूनसाठी वेगळं सांगायला हवं. मांजरापेक्षा थोराड, डोळ्यांभोवती काळी पट्टी, आणि पुढचे पंजे हातांसारखे वापरणारा हा प्राणी गार्नरला भरपूर आहे. दिवे मालवले की दहा मिनिटांत तो टेबलाखाली हजर होतो. कूलरच्या कडेवरून पंजा फिरवत फिरवत खटका शोधतो, उचकटतो, झाकण वर करतो, आणि दह्याचा डबा दोन्ही पंज्यांत धरून तिथेच बसून खातो. माणसाने आवाज केला तर मान वळवून बघतो, हलत नाही. म्हणून खाण्याची प्रत्येक गोष्ट, कचऱ्याची पिशवी, अगदी चहा-साखरेचा डबाही रात्री गाडीत ठेवून गाडी बंद करा. तंबूत बिस्किटाचा पुडा ठेवू नका. उरलेला भात जमिनीवर टाकू नका, त्याने लाल मुंग्याही येतात आणि त्यांचा चावा फार जळजळतो.

नदी: इथे काटकसर करू नका

ट्यूबमध्ये बसून फ्रिओतून वाहत जाणं हीच इथली मुख्य गंमत. हंगामात पार्कात ट्यूब भाड्याने मिळतात. दोन दिवस राहणार असाल तर दुकानातून १५ ते २५ डॉलरची स्वतःची ट्यूब आणलेली परवडते. पैसे खर्च करण्याआधी नदीत पाणी आहे का ते पाहा. अलीकडच्या दुष्काळात उन्हाळ्यात फ्रिओची धार पार बारीक झाली होती, आणि ट्यूब डोक्यावर घेऊन गोट्यांतून चालायची वेळ लोकांवर आली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कॉनकनला प्रवाहमापक केंद्र आहे, त्याचे ताजे आकडे इंटरनेटवर फुकट दिसतात.

मुलांना तटरक्षक दलाची मान्यता असलेलं, त्यांच्या वजनाचं लाइफ जॅकेट हवं. वीस ते चाळीस डॉलरला येतं. दंडात घालायच्या हवेच्या फुग्यांना खेळण्यापलीकडे किंमत नाही. पायात मागे पट्टा असलेले सँडल हवेत, स्लिपर पहिल्या वळणावर वाहून जाते. पार्काच्या काठावरून मासेमारी करायला टेक्सासच्या स्टेट पार्कात लायसन्स लागत नाही, तेव्हा गळ असेल तर जरूर न्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. हा सगळा डोंगराळ प्रदेश अचानक येणाऱ्या पुरांसाठी कुप्रसिद्ध आहे. मातीचा थर पातळ, खाली चुनखडीचा खडक, उतार तीव्र. पाणी मुरत नाही, थेट नदीत येतं. ४ जुलै २०२५ च्या पहाटे शेजारच्या ग्वादालुपे नदीला पूर आला. हंट गावाजवळ पाऊण तासात पाणी पंचवीस फुटांहून अधिक चढलं. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यात उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. सुट्टीचा दिवस होता आणि लोक झोपेत होते.

म्हणून पाण्याला लागून असलेली जागा हौसेने मागू नका. नदी दिसणारी पण उंचावरची जागा घ्या, पाच मिनिटं चालत जायला लागली तरी चालेल. पोहोचल्यावर उजेड आहे तोवर वर जायचा रस्ता सगळ्यांनी एकदा चालून बघा, आजी-आजोबांनीसुद्धा. दरीत मोबाइलची रेंज बेभरवशाची आहे, फोनवर सूचना येईलच असं धरून चालू नका. तीसेक डॉलरचा बॅटरीवरचा वेदर रेडिओ मिळतो, तो हवामान खात्याच्या सूचनेवर आपोआप वाजतो. तो उशाशी ठेवा. तुमच्या डोक्यावर चांदणं असलं तरी वरच्या खोऱ्यात पाऊस पडत असू शकतो. पुराचा इशारा असेल तर सहल रद्द करा, पहिल्या रात्रीचे पैसे गेले तर जाऊ द्या. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालू नका.

फुकट काय काय

ओल्ड बाल्डी नावाच्या टेकडीची चढण जेमतेम अर्ध्या मैलाची, पण उभी आणि निसरड्या चुनखडीची. पहाटे निघा, वरून नदीचं वळण आणि सायप्रसची हिरवी रांग दिसते. आजी-आजोबांना खाली नदीकाठचा सपाट रस्ता आहे.

आणि नाच. उन्हाळ्यात रोज रात्री मुख्य इमारतीसमोरच्या दगडी चौकात ज्यूकबॉक्सवर गाणी लागतात आणि लोक नाचतात. १९४० च्या दशकापासूनची ही रीत आहे. कुठलंही तिकीट नाही. खुर्च्या घेऊन जा आणि कडेला बसा. आपले आजोबा आणि टेक्सासचे आजोबा शेजारी बसून नातवंडं बघतात, भाषेची अडचण दोघांनाही जाणवत नाही. मला गार्नरचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं.

एकूण बेरीज

वरचंच कुटुंब, ऑस्टिनहून, दोन रात्री, पाण्याची साधी जागा. पास ७०. जागा ५०. किराणा ९०. बर्फ, गॅस, लाकूड ४०. ट्यूब दोन, ४०. पेट्रोल जाऊन-येऊन साडेतीनशे मैलांचं, साधारण ४५. म्हणजे ३३५ डॉलरच्या आसपास. सॅन अँटोनियोवाल्यांचे पेट्रोलचे वीसेक डॉलर वाचतात, ह्यूस्टनवाल्यांचे तेवढेच वाढतात, डॅलसवाल्यांचे त्याहून जास्त. लाइफ जॅकेटं आणि रेडिओ हे एकदाचे शंभर डॉलर वेगळे धरा. तंबू, गाद्या, चूल मागून आणल्या तर एवढ्यावर भागतं. शेल्टर घेतला तर तीसेक डॉलर वर.

तारखांची सवड असेल तर मी उन्हाळा सोडून नोव्हेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा सुचवेन. शाळा असल्यामुळे शनिवार-रविवारच जमतो, पण जागा मिळते. पाण्यात उतरता येत नाही, नाचही नसतो. त्याबदल्यात काठचे सायप्रस तांबूस होतात, आणि गाडीने तासाभराच्या अंतरावर लॉस्ट मेपल्स या राज्याच्या संरक्षित क्षेत्रात मेपलची पानं लाल-केशरी झालेली असतात. तिथेही हाच पास चालतो, फक्त शरदातल्या शनिवार-रविवारचा डे पास आधी आरक्षित करावा लागतो. नोव्हेंबरच्या मुक्कामासाठी गार्नरचं बुकिंग जूनमध्ये उघडतं.